नदीविहार (म्हादईचे खोरे, गोवा)

उत्तर गोव्यात म्हादई आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी चालणारे पोहणे, गरी टाकणे, होड्या आणि अलीकडचे राफ्टिंग (हवा भरलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यातून जाणे) हे सारे नदीविहारात येते. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यातल्या देगावपाशी उगम पावते, सत्तरी तालुक्यातून गोव्यात शिरते आणि खाली मांडवी म्हणून ओळखली जाते. कोणत्या महिन्यात काय खेळायचे हे पात्रातले पाणी ठरवते.

गावच्या मुलांचा हंगाम उन्हाळ्याचा. धार बारीक झाली की खडकांच्या आडोशाला डोह उरतात. त्यांना इथे ‘कोंड’ म्हणतात. नवशिक्या पोराला सालासकट वाळलेले दोन नारळ काथ्याने जोडून देतात. काथ्या छातीखाली येतो, नारळ दोन्ही काखांपाशी तरंगतात, आणि पाय मारायला पोर मोकळे राहते. शिकवणारा बहुधा थोरला भाऊ नाहीतर मामा. कोणत्या कोंडाच्या तळाशी कपार आहे, कुठे पाणी आत ओढते, हे त्यालाच ठाऊक असते. बाहेरून आलेल्यांना ते ठाऊक नसते, म्हणून काठच्या माणसाला विचारल्याशिवाय कोणत्याही कोंडात उतरू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यानेच अनेकांचे जीव घेतले आहेत.

पावसाळ्यात तीच नदी ओळखू येत नाही. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये म्हादईवर राफ्टिंग सुरू झाले. उस्ते ते सोनाळ हा सुमारे १० किलोमीटरचा टप्पा. हंगाम जून ते सप्टेंबर. घाटात पाऊस कोसळला की लाटा उसळतात, उघडीप पडली की खडक वर येतात. शिरस्त्राण आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय राफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाही.

शेजारच्या डिचोली तालुक्यात साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजवलेल्या नौकांची स्पर्धा रंगते. त्रिपुरासुराच्या वधाचा प्रसंग साकारतात, पाण्यावर दिवे सोडतात आणि दोन्ही काठ माणसांनी भरून जातात. या खोऱ्यातला सर्वांत देखणा नदीउत्सव हाच.

म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा योजनेतून त्यातले काही पाणी तिकडच्या मलप्रभा नदीकडे वळवायचे आहे. काठच्या लोकांची भीती साधी आहे: धार आटली तर सर्वांत आधी उथळ कोंड जातील, आणि पोरे पोहायला शिकतात ती त्यांतच.