१९०५ की १९०६? अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे दोन हंगाम, जे एकसारखे वाचले जातात

मिशिगन विद्यापीठाच्या संघाचे दोन हंगाम एकाखाली एक लिहून पाहा. १९०५: १३ सामने, १२ विजय, १ हार, केलेले गुण ४९५, दिलेले २. १९०६: ५ सामने, ४ विजय, १ हार, केलेले ७२, दिलेले ३०. प्रशिक्षक दोन्ही वर्षी फील्डिंग योस्ट. आकडे पाहून कुणीही म्हणेल की संघ वर्षभरात ढासळला. पण हे आकडे एका मापाचे नाहीत, कारण मधे खेळाचे नियमच बदलले. १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये भारताचे १८३ झाले ते ५४.४ षटकांत, ते ५० षटकांच्या डावाशी जसेच्या तसे कुणी ताडून पाहत नाही. इथे मात्र लोक सर्रास तसं करतात, कारण कोष्टकाचे रकाने दोन्ही वर्षी तेच असतात.

जे बदललं नाही ते आधी उरकू. दोन्ही हंगामांत ११ विरुद्ध ११ खेळाडू, मैदान ११० यार्ड लांब. टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणं) ५ गुण, त्यानंतरची किक साधली तर १, फील्ड गोलला (चालू खेळात चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारणं) ४ आणि सेफ्टीला (चेंडूवाला आपल्याच गोलरेषेमागे पाडला गेला तर प्रतिस्पर्ध्याला) २. त्यामुळे १९०६ मध्ये येलने हार्वर्डला ६–० हरवलं, ते एक टचडाऊन आणि एक किक. त्याच वर्षी मिनेसोटाने शिकागोला ४–२ हरवलं. आजच्या गुणपद्धतीची सवय असलेला माणूस ‘४’ म्हणजे दोन सेफ्टी धरतो, पण तो बॉबी मार्शलचा एक फील्ड गोल होता.

खरा फरक यार्डांत आहे. १९०५ मध्ये चेंडू आपल्याकडे राखायला ३ डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, ५ यार्ड पुरत. दर वेळी पावणेदोन यार्ड सरकलं की झालं. एवढ्यासाठी कुणी चेंडू घेऊन मोकळ्यात कशाला पळेल? चेंडूवाल्याभोवती गठ्ठा करायचा, मागून ढकलायचं, पुढून ओढायचं आणि समोरच्या फळीचा एकच कच्चा दुवा पुन्हापुन्हा रेटायचा. हाडं मोडायची ती इथेच, कारण ढिगाऱ्याखाली कोण आहे हे पंचालाही दिसत नसे. १९०६ मध्ये डाऊन तीनच राहिले, पण यार्ड १० झाले. आता दर वेळी साडेतीन यार्ड हवेत. नुसत्या रेट्याने ते निघेनात, म्हणून चेंडू मैदानाच्या कडेने न्यावा लागला, नाहीतर लवकर पंट मारून, म्हणजे चेंडू दूर लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करून, मोकळं व्हावं लागलं. शिवाय दोन संघांच्या फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी आली आणि खेळाची वेळ ७० मिनिटांवरून ६० वर आली.

फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायला, परवानगी मिळाली तीही १९०६ मध्येच. पण ‘१९०६ पासून पासिंग सुरू झालं’ एवढंच वाचून आजचा खेळ डोळ्यांसमोर आणलात तर फसाल. पास ज्या जागेवरून खेळ सुरू झाला तिच्या डावीकडे किंवा उजवीकडे किमान ५ यार्ड सोडूनच दोन संघ समोरासमोर उभे राहतात त्या रेषेपलीकडे जायला हवा होता. कुणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला, की तो जिथून फेकला तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात. म्हणजे चुकलेला पास हा फुकट गेलेला प्रयत्न नव्हे, थेट चेंडू घालवणं. त्यात चेंडू आजच्यापेक्षा जाडजूड, एका हाताच्या पकडीत न मावणारा. सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने ५ सप्टेंबर १९०६ रोजी कॅरोल कॉलेजविरुद्ध पहिला पास टाकला तो असाच वाया गेला आणि चेंडू कॅरोलला मिळाला. पुढचा मात्र जॅक श्नायडरने झेलला आणि टचडाऊन झालं. प्रशिक्षक एडी कोचेम्सच्या या संघाने हंगामातले अकराही सामने जिंकले, पण पासवर असा भरवसा ठेवणारे संघ थोडे होते. बाकीच्यांना दुसरी सवलत जास्त सोयीची वाटली: लाथाडलेला चेंडू जमिनीला लागला की किक मारणारी बाजू सगळी ऑनसाइड, धावत जाऊन तो उचलायला मोकळी.

जुन्या फोटोत मैदानावर उभ्या-आडव्या रेषांचे चौकोन दिसले की तो १९०६ नंतरचा, असं ठरवून टाकू नका. उभ्या रेषा १९०३ पासूनच आल्या होत्या. तेव्हा क्वार्टरबॅकला (फळीमागे चेंडू पहिल्यांदा हाती घेणारा खेळाडू) चेंडू घेऊन पळायचं तर अशीच ५ यार्डांची अट होती आणि ती मोजायला रेषा हव्यात.

आता मिशिगनने १९०५ मध्ये दिलेले ते ‘२’ गुण. ३० नोव्हेंबर १९०५, शिकागो, थँक्सगिव्हिंगचा दिवस. मिशिगन ५६ सामने हरलेलं नव्हतं. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलचा पंट मिशिगनच्या गोलरेषेमागे गेला आणि डेनिसन क्लार्कच्या हाती आला. तो तिथेच खाली टेकवला असता तर टचबॅक: चेंडू मागे प्रतिस्पर्ध्याच्या किकमुळे गेला, म्हणून कुणालाच गुण नाहीत. क्लार्क बाहेर पळाला, गोलरेषेच्या पुढे आलाही, पण शिकागोच्या मार्क कॅटलिनच्या धडकेने उलटा मागे ढकलला गेला आणि रेषेमागे पडला. सेफ्टी, २ गुण, निकाल २–०. आज पंच त्याने गाठलेली पुढची जागा धरेल. तेव्हा अंग जिथे जमिनीला टेकलं ती जागा धरत. जागा एकच, निर्णय दोन. सेफ्टी आणि टचबॅक यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग मिशिगनचे १३ सामने ५ वर कसे आले? याचा नव्या नियमांशी काही संबंध नाही. १९०६ च्या सुरुवातीला शिकागो, मिशिगन, मिनेसोटा वगैरे पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या परिषदेने आपल्या सदस्यांवर पाच सामन्यांची मर्यादा घातली. सेंट लुईस त्या परिषदेत नव्हतं, म्हणून त्यांचे ११. तेव्हा एकूण गुण बाजूला ठेवा, सरासरी काढा: १९०५ मध्ये मिशिगनचे सामन्याला ३८, १९०६ मध्ये १४ च्या थोडे वर. त्यातही १३ सामन्यांच्या वेळापत्रकात हंगामाच्या तोंडाला लिंबूटिंबू संघ भरपूर असत, हे धरूनच चाला.

नियमबदलाच्या श्रेयाच्या बाबतीत उलट घोळ होतो. ९ ऑक्टोबर १९०५ ला अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं हे खरं, पण नियम त्यांनी लिहिले नाहीत. ते कॉलेजांच्या समितीने १९०६ मध्ये ठरवले. चेंडूवाल्याला ढकलणं-ओढणं बंद झालं आणि रेषेवर सात खेळाडू सक्तीचे झाले ते १९१० मध्ये, १५ मिनिटांचे चार भागही त्याच वर्षी. फील्ड गोल ३ गुणांवर आला १९०९ मध्ये. चौथा डाऊन, टचडाऊनचे ६ गुण आणि १०० यार्डांचं मैदान हे सगळं १९१२ चं. हे सगळं १९०६ च्या खात्यावर मांडणारे लेख पैशाला पासरी सापडतील.

एक सामना मात्र दोन्हींच्या मध्येच लटकतो. २५ डिसेंबर १९०५ रोजी कॅन्ससमधल्या विचिटा इथे वॉशबर्न आणि फेअरमाउंट कॉलेजांनी ३ डाऊनमध्ये १० यार्ड हा नियम प्रयोग म्हणून खेळून पाहिला. निकाल ०–०.