इन्सुला (श्रवणातील कार्य)

मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत, बाजूच्या खोल सिल्व्हियन भेगेच्या तळाशी दडलेल्या कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) इन्सुला म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ बेट. फ्रंटल (पुढच्या), पराएटल (वरच्या) आणि टेम्पोरल (कानाजवळच्या) लोबांच्या कडा त्यावर झाकणासारख्या येतात. त्या फाकवल्याखेरीज तो दिसत नाही. जर्मन वैद्य योहान ख्रिस्टिआन राइल यांच्यावरून जुन्या ग्रंथांत त्याला ‘राइलचे बेट’ म्हटले आहे. काही लेखक या वर्णनाचे श्रेय राइल यांच्या १७९६ च्या लेखनाला देतात. सविस्तर वर्णन १८०९ चे असल्याने तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मधल्या खाचेमुळे इन्सुलाचे दोन भाग पडतात. पुढच्या भागात साधारणतः तीन आखूड वळ्या असतात, मागच्या भागात दोन लांब. श्रवणाशी थेट संबंध मुख्यतः मागच्या भागाचा. तो हेश्लच्या वळीला, म्हणजे प्राथमिक श्रवण कॉर्टेक्सला, अगदी खेटून आहे. थॅलॅमसमधील, म्हणजे संवेदना कॉर्टेक्सकडे पोचवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागातील, श्रवणकेंद्राकडूनही (मेडिअल जेनिक्युलेट) त्याच्याकडे तंतू येतात.

वादाचे मूळ या शेजारात आहे. आवाज ऐकवल्यावर इन्सुलात दिसणारा प्रतिसाद त्याचा स्वतःचा, की हेश्लच्या वळीतून पाझरलेला? फंक्शनल एमआरआय (रक्तप्रवाहातील बदलांवरून मेंदूचे काम दाखवणारे चित्रण) ज्या ठोकळ्यांनी चित्र बनवते, त्यांतला एक साधारण ३ मिमीचा असतो, आणि विश्लेषणात चित्र ८ मिमीपर्यंत ‘गुळगुळीत’ केले की शेजारच्या दोन वळ्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. यंत्राचा खडखडाट वेगळाच. म्हणून ध्वनी शांततेत ऐकवून, रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिगेला पोचतो तेव्हा, ४ ते ६ सेकंदांनी, चित्र घेण्याची पद्धत रूढ झाली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी खोल बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या नोंदी अधिक भरवशाच्या, पण त्यांतही एक खोट आहे. बाजूने शिरणारी सुई कित्येकदा टेम्पोरल लोबातूनच इन्सुलात जाते. सुईवरील सर्व संपर्कबिंदूंचे संकेत एकाच दूरच्या बिंदूच्या तुलनेत मोजले, तर हेश्लच्या वळीचा संकेत इन्सुलाच्या बिंदूवरही उमटतो. लगतच्या दोन बिंदूंमधील फरक मोजला (त्यांच्या केंद्रांतील अंतर सुमारे ३.५ मिमी), की ही भेसळ बरीच कमी होते. अशा नोंदींतही मागच्या इन्सुलाचे प्रतिसाद टिकून राहतात. त्यामुळे स्वतंत्र प्रतिसादाचे मत आज अधिक ग्राह्य वाटते. माकडांवरील २००९ च्या अभ्यासानेही (रेमेडिओस, लोगोथेटिस, कायझर) त्याला बळ दिले. इन्सुलातील पेशी श्रवण कॉर्टेक्सपेक्षा उशिरा जाग्या होतात, स्वरांची उंची ढोबळपणे ओळखतात आणि स्वजातीयांच्या हाकांना जास्त प्रतिसाद देतात.

इजेचा पुरावा मोलाचा, पण तुटपुंजा. इन्सुलाला रक्त मिडल सेरेब्रल धमनीच्या दुसऱ्या टप्प्यातून मिळते. पक्षाघातात ती बंद पडली की शेजारचे भागही सापडतात. निव्वळ इन्सुलाची इजा दुर्मीळ. अशा रुग्णांत ऑडिओग्राम (श्रवणपातळीचा आलेख) बहुधा ठीक येतो. ब्रेनस्टेमची (मेंदूच्या देठाची) श्रवणचाचणी आवाजानंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदांपुरती असल्याने तीही ठीक येते, आणि रुग्ण म्हणत राहतो, “ऐकू येतंय, पण उलगडत नाही.” बॅमिऊ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा रुग्णांत काळाच्या बारकाव्यांचे श्रवण ढासळल्याचे दाखवले. दोन्ही इन्सुला गेल्यास ध्वनींची ओळखच हरपल्याचे १९९५ चे एक वर्णन आहे. २००४ मध्ये नोंदलेल्या एका रेडिओ निवेदकाचे उदाहरण वेगळे. डाव्या इन्सुलाच्या पक्षाघातानंतर (इजा फ्रंटल लोब व भावनांशी निगडित अमिग्डालापर्यंत गेली होती) संगीत त्याला पूर्वीसारखेच ओळखू येई, पण त्यातला आनंद गेला होता. पुढचा इन्सुला भावना व शरीरातील संवेदना यांच्याशी जोडलेला असल्याने हे सुसंगत ठरते.

तपासणीत गोंगाटातील फट ओळखण्याची चाचणी उपयोगी. सलग ६ सेकंदांच्या सळसळीत २ ते २० मिलिसेकंदांच्या फटी पेरलेल्या असतात. प्रत्येक कान वेगळा तपासतात. निरोगी प्रौढास सुमारे ५ मिलिसेकंदांची फट कळते. फट नसताना दाबलेले बटण वेगळे मोजावे, नाहीतर अंदाजाने दाबणाराही उत्तीर्ण होतो.

बोलणे कितपत उलगडते हे शब्द ऐकवूनही तपासतात; ग्वाल्हेरच्या मराठी भाषकांसाठी ही शब्दयादी पारखून घ्यावी लागते. पळ–फळ, तर–थर, बार–भार, गर–घर या जोड्या नेमक्या कामाच्या, कारण फरक ओठ किंवा जीभ सुटल्यावरच्या काही दशक मिलिसेकंदांत असतो. (या फरकावरील लिस्कर व अब्रामसन यांच्या १९६४ च्या अभ्यासातील ११ भाषांत मराठीही होती.) वेल–वेळ, काल–काळ या जोड्या मात्र टाळाव्यात. शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्याची ‘ळ’मधली चूक मेंदूची असेलच असे नाही.

संगीताच्या प्रचलित चाचण्यांतील धुना पाश्चात्त्य वळणाच्या. ख्यालावर कान घडलेल्या या शहरात, जिथे माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून आहे, त्या धुनांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. तानपुऱ्यावर तोच षड्ज कायम ठेवून यमनचा एक तुकडा द्यावा, मग तीव्र मध्यमाच्या जागी शुद्ध मध्यम घेऊन तोच तुकडा पुन्हा द्यावा, आणि ‘तेच की वेगळे’ एवढेच विचारावे. रागाचे नाव विचारू नये. पक्षाघातात नाव न आठवणे हा भाषेचा दोष असू शकतो. मात्रा मोजायला सांगूनही भागत नाही: तिलवाडा आणि त्रिताल दोन्ही सोळा मात्रांचे, फरक ठेक्यात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेतील ‘तिरकिट’चे प्रत्येक अक्षर सुमारे ६२ मिलिसेकंदांचे पडते. त्यामुळे ज्याला १५ मिलिसेकंदांपेक्षा लहान फट कळत नाही असा श्रोताही बोल पकडू शकतो, आणि दोष नसल्याचा गैरसमज होतो. ऐकून काय वाटले, हे शेवटी वेगळ्या प्रश्नाने विचारावे.

श्रवणपातळी ठीक असल्यास श्रवणयंत्राचा उपयोग मर्यादित. घरच्यांनी पंखा, टीव्ही बंद करून, समोर बसून, वाक्ये तोडून सावकाश बोलावे.