साठवायचं पाणी आणि लगेच वापरायचं पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटरची साधी सर आली, तरी हिशेबाने 1000 लिटर. गच्ची ओली होण्यात आणि बाष्पीभवनात काही जातं. तरीही साधारण 80 टक्के हाती लागतं.

पहिल्या सरीचं पाणी मात्र सोडून द्यावं. त्यात धूळ, पाला, पक्ष्यांची विष्ठा असं सगळं असतं. पन्हळीच्या नळाला बाजूला एक बंद फाटा काढला की आधी तो भरतो आणि नंतरचं स्वच्छ पाणी टाकीत जातं. टाकी अपारदर्शक हवी, कारण उजेडाशिवाय शेवाळ वाढत नाही. झाकण आणि जाळीही घट्ट हवी; उबदार हवेत डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. एवढं सांभाळलं तर हे पाणी बागेसाठी महिनोन्‌महिने टिकतं.

न्हाणीघर, वॉशबेसिन आणि वॉशिंग मशीनचं सांडपाणी याच्या अगदी उलट. ते बारमाही मिळतं, पण साठवता येत नाही. त्यातला साबण, मळ आणि त्वचेचे कण जिवाणू खाऊ लागतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. म्हणून हे पाणी 24 तासांच्या आत जमिनीत मुरायला हवं. महागड्या गाळणयंत्रापेक्षा झाडाभोवतीचं आळं आणि त्यातलं जाड पालापाचोळ्याचं आच्छादन मला जास्त भरवशाचं वाटतं. मातीच्या वरच्या थरातले सूक्ष्मजीव सफाईचं बरंचसं काम फुकट करतात. संडासाचं पाणी यात कधीच नको. स्वयंपाकघरातलंही टाळावं, तेलकटपणाने मातीची छिद्रं बुजतात. लहान मुलांचे लंगोट धुतलेलं पाणीही सरळ गटारात सोडावं. आणि हे पाणी द्यायचं ते मुळाशी, पानांवर शिंपडून नव्हे. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना तर नकोच.

खरी मेख डिटर्जंटमध्ये आहे. बहुतेक धुण्याच्या पावडरींमध्ये सोडियमचे क्षार असतात. चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कणांचे गोळे सुटतात, छिद्रं बंद होतात आणि पाणी वरच तुंबतं. बोरॉन असलेली पावडर तर नकोच; झाडाला तो लागतो, पण अगदी किंचित. शक्यतो पोटॅशियमयुक्त द्रव साबण वापरावा.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे अधूनमधून टाकीतलं पाणी भरपूर दिलं की मातीत साचलेले क्षार विरघळून मुळांच्या खाली उतरतात. कणांना चिकटून बसलेला सोडियम मात्र नुसत्या पाण्याने हलत नाही. तिथे कॅल्शियम पुरवावा लागतो, म्हणजे आधी मातीत जिप्सम मिसळायचं आणि मग पाणी द्यायचं.