चिनी करारावरची सही आणि चिनी करारावरचा लाल शिक्का

चाकणच्या एका ओळखीच्या उद्योजकानं पॅकिंग मशिनची ऑर्डर देण्याआधी मला कागद दाखवला. चिनी पुरवठादाराचं दोन पानांचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं बिल, 30 टक्के ॲडव्हान्स, उरलेले 70 टक्के माल जहाजावर चढण्याआधी. खाली झोकदार इंग्रजी सही होती: केविन. शिक्का कुठेच नव्हता. "सही आहे ना? मग शिक्क्याचं काय एवढं?" असं ते म्हणाले. आपल्याकडच्या अनुभवातून कोणीही हेच विचारेल.

आपल्याकडे वजन सहीला आहे. शिक्का कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात करून मिळतो, आणि तो हरवला तर दुसरा करून घेतात. कंपनीची अधिकृत मोहोर, म्हणजे कॉमन सील, तर 2015 च्या दुरुस्तीनंतर कायद्यानंही ऐच्छिक झाली आहे. त्यामुळे चिनी कागदावरचा लाल गोल आपल्याला आपल्याच रबर स्टॅम्पसारखा वाटतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण त्यांचं काम फार वेगळं आहे.

आधी केविनबद्दल. चीनमध्ये निर्यातीचं काम बघणारे बरेच लोक परदेशी ग्राहकांच्या सोयीसाठी एखादं इंग्रजी नाव घेतात. त्यात फसवाफसवी काही नाही, तो रिवाजच आहे. पण ते नाव त्यांच्या ओळखपत्रावर नसतं. उद्या वाद झाला, तर ही सही नेमकी कोणाची आणि त्या माणसाला कंपनीच्या वतीनं करार करायचा अधिकार होता का, हे दोन्ही आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं. सहीला खरा भार येतो तो कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधीची असेल तर. कायद्यानं कंपनीच्या वतीनं वागणारा माणूस तो, आणि प्रत्येक चिनी कंपनीच्या व्यवसाय परवान्यावर असं एकच नाव छापलेलं असतं. आपल्याशी रोज बोलणारा सेल्सवाला बहुधा तो नसतो.

आता शिक्का. मुख्य शिक्क्याला 'गोंगचांग' म्हणतात. साधारण चार सेंटिमीटर व्यासाचा गोल, लाल शाई, मधोमध पाच टोकांचा तारा आणि कडेनं कमानीसारखं कंपनीचं पूर्ण चिनी नाव. त्याची पोलीस खात्याकडे नोंद होते, आणि बऱ्याच शिक्क्यांवर खालच्या बाजूला बारीक आकड्यांत नोंदणीचा क्रमांकही असतो. करारांसाठी, हिशेबासाठी आणि बिलांसाठी वेगळे शिक्के असतात. बिलाचा लंबगोल असतो, आणि तो करारावर मारला तर आपल्या हाती फारसं काही लागत नाही. हे शिक्के टेबलावर पडलेले नसतात. ते कपाटात कुलूपबंद असतात, आणि कोणी, कधी, कशासाठी वापरले याची वहीत नोंद ठेवण्याची पद्धत आहे.

ज्याच्या हाती शिक्का त्याच्या हाती कंपनी, हे तिथे किती खरं आहे ते 2020 साली दोनदा दिसलं. एप्रिलमध्ये 'दांगदांग' या ऑनलाइन पुस्तकविक्री कंपनीचे सहसंस्थापक ली ग्वोछिंग काही माणसं घेऊन बीजिंगच्या कार्यालयात गेले आणि कंपनीचे डझनावारी शिक्के उचलून घेऊन गेले. कंपनी त्यांची विभक्त पत्नी यू यू चालवत होत्या. कंपनीला पोलिसांत तक्रार करावी लागली आणि ते शिक्के रद्द समजावेत असं जाहीर करावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'आर्म चायना' या चिप-तंत्रज्ञान कंपनीच्या संचालक मंडळानं प्रमुख ॲलन वू यांना काढायचा ठराव केला. ठराव झाला, पण शिक्का वू यांच्याकडेच राहिला. त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष दूर करायला एप्रिल 2022 उजाडला.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. शिवकालीन पत्रात वर मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला की खाली मोर्तब: 'मर्यादेयं विराजते'. पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, हा त्याचा अर्थ. चिनी करारात हेच काम वेगळ्या तऱ्हेनं होतं. सगळी पानं पत्त्यांसारखी जराजरा सरकवून पसरतात आणि कडांवरून एकच शिक्का मारतात. प्रत्येक पानावर त्या गोलाची एकेक फाक येते. पानं पुन्हा जुळवली की गोल पूर्ण होतो, मधलं एखादं पान बदललं असेल तर होत नाही. मला ही फार शहाणी पद्धत वाटते, आणि आपल्या बाजूनं ती आवर्जून मागावी.

मग सही बिनकामाची का? तसंही नाही, आणि इथे बरेच सल्लागार घाईनं बोलतात. 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या चिनी नागरी संहितेच्या कलम 490 नुसार लेखी करार सही, शिक्का किंवा बोटाचा ठसा यांपैकी कशानंही होतो. शिवाय चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये खालच्या न्यायालयांना दिशा दिली, की ज्यानं सही केली किंवा शिक्का मारला त्याला त्या वेळी अधिकार होता का, हे मुख्यतः बघा. नुसता शिक्का खरा की खोटा यावर निकाल ठरू नये. म्हणून माझं सांगणं असं: कायदेशीर प्रतिनिधीची, त्याच्या चिनी नावाची सही घ्या आणि त्यावर शिक्काही घ्या. एकच मिळणार असेल, तर केविनच्या सहीपेक्षा मी शिक्का घेईन.

आणखी एका जागी हमखास गफलत होते. शिक्का असतो, पण निळा किंवा जांभळा, आडवा, आणि त्यावर इंग्रजीत 'फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ' अशी ओळ, खाली सहीसाठी रेघ. हा हाँगकाँगच्या कंपनीचा थाट. चीनच्या मुख्य भूमीवरच्या कारखान्याचा शिक्का असा नसतो. अनेक कारखाने परकीय चलन घ्यायला हाँगकाँगला कंपनी काढतात, त्यात वावगं काही नाही. पण मग आपला करार त्या हाँगकाँगच्या कंपनीशी झाला, कारखान्याशी नाही. मशीन बिघडलेलं निघालं तर तो कारखाना म्हणू शकतो, की आमचा तुमच्याशी करारच नव्हता.

कागद आला की मी आधी परवान्याची प्रत मागतो. त्यावरचं चिनी नाव आणि 18 अंक-अक्षरांचा कोड सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. मग परवान्यावरचं नाव, शिक्क्याच्या कमानीतलं नाव आणि बँक खात्याचं नाव ही तिन्ही शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडतो. चिनी येत नसलं तरी चित्र जुळवावं तसं हे जमतं. इंग्रजी नावावर विसंबू नये, कायद्यानं कंपनीचं नाव चिनीच. पीडीएफवरचा शिक्का तर कोणीही चिकटवू शकतो, म्हणून मोठ्या रकमेसाठी मूळ प्रत कुरिअरनं मागवावी. आणि "आमचं खातं बदललं" अशी मेल आली, तर शिक्क्याचं पत्र सोबत असलं तरी जुन्या नंबरवर व्हिडिओ कॉल करून, समोरच्याचं तोंड बघून खात्री करावी.

चाकणचा कागद आठ दिवसांनी परत आला. कायदेशीर प्रतिनिधीची चिनी सही, तिच्यावर तारखेला टेकलेला लाल गोल आणि दोन्ही पानांच्या कडेला अर्धा अर्धा शिक्का. नाव परवान्याशी जुळत होतं. खातं मात्र अजून तिसऱ्याच कंपनीच्या नावावर होतं, म्हणून ॲडव्हान्स आम्ही थांबवून ठेवला.