कलेक्शनमधला ॲरे बदलत का नाही: एका नोटिशीची पार्श्वभूमी

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ४ या आवृत्तीत ऑब्जेक्टही ॲरेसारखाच (की, म्हणजे नाव, आणि तिचं मूल्य अशा जोड्यांच्या यादीसारखाच) वागायचा. दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की त्याची प्रत निघायची. २००४ मध्ये ५ आलं आणि ऑब्जेक्ट हँडलने (प्रत न निघता मूळ ऑब्जेक्टकडे बोट दाखवून) पोचू लागला, ॲरे मात्र प्रतीवरच राहिला. आजचा घोळ, म्हणजे कलेक्शनमधल्या ॲरेत केलेला बदल न टिकणं आणि त्यावर पीएचपीची नोटीस (सौम्य इशारा) येणं, इथून सुरू होतो. ॲरेॲक्सेस हा इंटरफेसही (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या याचा करार) ५ मध्येच आला आणि आपल्या क्लासला चौकोनी कंस लावता येऊ लागले.

आता ही ओळ पाहा, $यादी हे कलेक्शन, म्हणजे आत ॲरे ठेवणारा आणि ॲरेॲक्सेस वापरणारा ऑब्जेक्ट, आहे असं धरून:

$यादी['पत्ता']['शहर'] = 'नवं';

वाचताना हे एकच लेखन वाटतं. प्रत्यक्षात आधी ऑफसेटगेट ही वाचून देणारी मेथड चालते, तिच्याकडून 'पत्ता'चा ॲरे मिळतो आणि 'शहर' त्या मिळालेल्या प्रतीत लिहिलं जातं. ओळ संपली की प्रत गेली. लिहिणारी मेथड, ऑफसेटसेट, एकदाही चालत नाही. 'पत्ता'च्या जागी ऑब्जेक्ट असता, तर त्यातला 'शहर' बदलला असता आणि तो टिकलाही असता. म्हणूनच नवख्याला हे पटकन उमगत नाही.

यावर पीएचपी म्हणतं, 'इनडायरेक्ट मॉडिफिकेशन ऑफ ओव्हरलोडेड एलिमेंट', ज्याचा 'नो इफेक्ट'. यातल्या 'ओव्हरलोडेड' शब्दाने बरीच दिशाभूल केली आहे. इतर भाषांत ओव्हरलोडिंग म्हणजे एकाच नावाच्या, वेगवेगळे पॅरामीटर घेणाऱ्या मेथड. पीएचपीत तसं काही नाहीच. इथे अर्थ एवढाच की कंसामागे खरा ॲरे नसून मेथड उभी आहे. 'इनडायरेक्ट'चा अर्थही तसाच साधा: लेखन थेट कलेक्शनवर न होता त्याने दिलेल्या वस्तूवर झालं.

सुरुवातीला ऑफसेटगेटने रेफरन्सने, म्हणजे प्रत न देता मूळ वस्तूच हाती देऊन (याची खूण &), परत करण्याची सोयच नव्हती; इंटरफेसमधल्या घोषणेत & नाही, म्हणून आपल्या मेथडला & लावला की प्रोटोटाइप (मेथडची घोषणा) जुळत नसे. २०१० मध्ये ५.३.४ ने ही तपासणी सैल केली. हा निर्णय मला अजूनही पटत नाही. रेफरन्स बाहेर दिला की ऑफसेटसेटमधली पडताळणी बाजूला पडते आणि क्लासला बदल कळतही नाही. शिवाय नसलेली की रेफरन्सने मागितली, तर ती नल (रिकामं मूल्य) होऊन आतल्या ॲरेत जाऊन बसते. म्हणजे नुसतं वाचायला गेलो आणि डेटा बदलला.

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या कलेक्शनने हा रस्ता घेतला नाही, आणि ते बरं झालं. तिथे आतला ॲरे बाहेर काढायचा, बदलायचा आणि पुट या मेथडने परत ठेवायचा. सगळ्याच घटकांना हात लावायचा असेल तर ट्रान्सफॉर्म. मॅप नवं कलेक्शन देतो, जुनं तसंच राहतं. फोरीचमध्ये & लावून सुटका होत नाही, कारण कलेक्शन फोरीचला इटरेटर (एकेक घटक देणारा ऑब्जेक्ट) देतं आणि इटरेटरवर ते चालत नाही, थेट एरर येतो. लारावेल नोटिशीचं एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) करतं, म्हणून तिथे चूक लगेच दिसते. साध्या पीएचपीत नोटिसा बंद असल्या, तर बदल गुपचूप हरवतो.

नंतरच्या आवृत्त्या कडक झाल्या. ८.१ च्या रीडओन्ली (एकदाच लिहिता येणाऱ्या) प्रॉपर्टीतल्या ॲरेची एखादी की बदलायला गेलात तर एरर. २०२४ च्या ८.४ मध्ये प्रॉपर्टी हुक (प्रॉपर्टी वाचताना-लिहिताना चालणारा कोड) आले; & नसलेल्या गेट हुकमागच्या ॲरेत लिहिलं तर तिथेही एरर. ॲरेॲक्सेसच्या वाट्याला मात्र अजून नोटीसच आहे, आणि तीसुद्धा एरर व्हायला हवी.