अष्टपैलू मूल्यमापन, बास्केटबॉलमधील

गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू मिळवणे), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावणे), ब्लॉक (फटका अडवणे), चेंडूवरील ताबा आणि बचाव या सर्व अंगांनी खेळाडूने संघाला किती हातभार लावला, हे मोजक्या आकड्यांत मांडून अव्वल व्यावसायिक खेळाडूंची तुलना करण्याची पद्धत. तिचा विकास मुख्यतः अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या नोंदींवर झाला. या नोंदी सुरुवातीपासून पूर्ण नव्हत्या. रिबाउंड १९५०-५१ पासून, स्टील व ब्लॉक १९७३-७४ पासून आणि खेळाडूनिहाय टर्नओव्हर (प्रतिस्पर्ध्याला चेंडू गमावणे) १९७७-७८ पासून अधिकृतपणे मोजले जातात. त्यामुळे त्याआधीच निवृत्त झालेल्या बिल रसेल व विल्ट चेंबरलेन यांचे ब्लॉक कोणत्याही सूत्रात बसवता येत नाहीत.

‘ट्रिपल डबल’, म्हणजे एका सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील व ब्लॉक यांपैकी तीन प्रकारांत प्रत्येकी किमान १०, ही सर्वांत परिचित कसोटी. ही संज्ञा मॅजिक जॉन्सनच्या चौफेर खेळाच्या संदर्भात १९८० च्या सुमारास रूढ झाली. तिचे श्रेय काही जण लॉस एंजेलिस लेकर्सचे जनसंपर्क अधिकारी ब्रूस जोलेश यांना देतात, तर काही जण फिलाडेल्फियाचे आकडेवारीतज्ज्ञ हार्वे पोलॅक यांना. जॉन्सन लेकर्सचाच खेळाडू असल्याने पहिला पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पोलॅक यांचा नोंदींतील अधिकार मोठा होता, त्यामुळे प्रसाराचे श्रेय मात्र त्यांच्याकडे जाऊ शकेल. एकत्रित सूत्रांच्या उगमाबाबतही असाच मतभेद आहे. डेव्ह हीरेन यांचे ‘टेंडेक्स’ १९६० च्या आगेमागे तयार झाले असे मानले जाते. मार्टिन मॅनली यांचे कार्यक्षमता-सूत्र नंतरचे, पण साधेपणामुळे अधिक वापरले गेले.

मॅनली सूत्रात गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील व ब्लॉक यांची बेरीज करून तीतून हुकलेले फटके, हुकलेले फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) व टर्नओव्हर वजा करतात. नमुन्यादाखल १९ पैकी ९ फटके (त्यांत ३ तीन-गुणी), ४ पैकी ३ फ्री थ्रो, ९ रिबाउंड, ७ असिस्ट, २ स्टील, १ ब्लॉक व ४ टर्नओव्हर अशी कामगिरी घेऊ. गुण २४ होतात. बेरीज ४३, वजावट १० + १ + ४, उत्तर २८. सूत्राचा दोष इथेच आहे. दोन-गुणी फटका बसला तर +२, हुकला तर −१. म्हणजे तीनपैकी एक फटका बसला तरी तोटा नाही. तीन-गुणीसाठी ही मर्यादा चारपैकी एक इतकी खाली येते. व्यावसायिक संघ याहून कितीतरी अचूक मारतात. परिणामी भरमसाट फटके मारणारा खेळाडू संघाचे नुकसान करूनही स्वतःचा आकडा वाढवू शकतो. म्हणून सोबत ‘ट्रू शूटिंग’ (फटक्यांची एकूण अचूकता) पाहावे : गुण ÷ [२ × (मारलेले फटके + ०.४४ × मारलेले फ्री थ्रो)]. वरील उदाहरणात २४ ÷ ४१.५२, म्हणजे ५७.८ टक्के. प्रत्येक फ्री थ्रोने एक पझेशन (चेंडू संघाकडे असण्याची एक पाळी) संपत नाही, म्हणून ०.४४ हा गुणक येतो. जॉन हॉलिंजर यांच्या ‘पीईआर’ या एकत्रित सूत्रामध्ये वेग (सामन्यातील पझेशनची संख्या) व मिनिटे समायोजित करून लीगची सरासरी १५ धरली जाते, तरी फटक्यांच्या संख्येला झुकते माप देण्याचा आक्षेप त्यावरही आहे.

वेगाचा हिशेब न केल्यास तुलना पार फसते. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड व ११.४ असिस्ट नोंदवले. रसेल वेस्टब्रुकने २०१६-१७ मध्ये ३१.६, १०.७ व १०.४. वरवर रॉबर्टसन रिबाउंडमध्ये पुढे. पण तेव्हा संघाला सामन्यात सुमारे ७१ रिबाउंड मिळत, २०१६-१७ मध्ये सुमारे ४३; शिवाय रॉबर्टसन ४४ मिनिटे खेळे, वेस्टब्रुक साडेचौतीस. मैदानावर असताना उपलब्ध झालेल्या रिबाउंडपैकी वाटा काढला तर वेस्टब्रुकचा १७ टक्के व रॉबर्टसनचा साडेनऊच्या आसपास येतो. यातही खाच आहे : स्टीव्हन अ‍ॅडम्ससारखा सेंटर (टोपलीजवळ खेळणारा उंच सहकारी) प्रतिस्पर्ध्याला अडवून धरी आणि चेंडू वेस्टब्रुक उचले. अडवण्याचे हे काम स्कोअरशीटवर येतच नाही.

ही उणीव प्लस-मायनस भरून काढू पाहते : खेळाडू मैदानावर असताना संघाचे गुण वजा प्रतिस्पर्ध्याचे गुण. सहकाऱ्यांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी समाश्रयण (रिग्रेशन) हे संख्याशास्त्रीय तंत्र वापरतात. दोन खेळाडू नेहमी एकत्रच उतरत असतील तर कोणाचा वाटा किती हे गणिताला सांगता येत नाही आणि उत्तरे अवास्तव येतात. म्हणून पुढे ती सरासरीकडे खेचणारे नियमितीकरण आले. सध्या स्कोअरशीट व प्लस-मायनस यांचा मेळ घालणारी सूत्रे सर्वांत विश्वासार्ह धरावीत. बचावाचे आकडे मात्र सर्वत्र कच्चे आहेत.

ठाणे व नवी मुंबईतील शालेय (जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या, म्हणजे ‘डीएसओ’) व क्लब सामन्यांना हे मापन लावताना पहिली अडचण नोंदीची. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अधिकृत स्कोअरशीटवर गुण, फाउल व टाइमआउट असतात, रिबाउंड-असिस्ट नसतात. त्यासाठी दोन माणसे वेगळी बसवावीत. एकाने नजर न हलवता ‘सात (खेळाडूचा क्रमांक), बचाव रिबाउंड’ असे बोलावे, दुसऱ्याने लिहावे. प्रत्येक क्वार्टरनंतर ताळा घ्यावा : एका संघाचे हुकलेले फटके व हुकलेले शेवटचे फ्री थ्रो यांची बेरीज त्याच संघाचे आक्रमक रिबाउंड, समोरच्याचे बचाव रिबाउंड व थेट बाहेर गेलेले चेंडू यांच्या बेरजेएवढी हवी. क्वार्टर संपताना हुकलेला फटका यात धरू नये. ताळा चुकला तर बहुधा फटका हुकताच पुन्हा ढकलून टाकलेला चेंडू अर्धाच नोंदलेला असतो. तिथे एक रिबाउंड व एक नवा फटका लिहायचा असतो. ‘फिबा’ सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८, नुसते १.२ ने गुणण्यापेक्षा दर १०० पझेशनमागे हिशेब करावा. फाउल झालेल्या सहकाऱ्याने किमान एक फ्री थ्रो यशस्वी केला तर ‘फिबा’त पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो, एनबीएत नाही. तेच पाच जण पूर्णवेळ खेळणाऱ्या संघात प्लस-मायनस काढू नये; पाचांचाही आकडा एकच येतो.