कुत्र्याच्या खाण्याचा खरा भाव

कुत्र्याच्या खाद्याची पिशवी हातात घेतली की नजर आधी चित्राकडे जाते आणि मग किमतीकडे. घरात कुत्री आल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे, पिशवी आधी उलटी करायची. कामाचं जे काही असतं ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

तिथे सगळ्यात आधी एक वाक्य शोधायचं. हे खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे असं लिहिलंय का, आणि ते कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी? अमेरिकेतल्या ‘आफ्को’ आणि युरोपातल्या ‘फेडिआफ’ या संस्थांनी कुत्र्याला लागणाऱ्या पोषकद्रव्यांची प्रमाणं ठरवून दिली आहेत आणि बरेच उत्पादक त्यांचाच आधार घेतात. आफ्कोच्या कोष्टकानुसार पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागात पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी किमान २२.५ टक्के प्रथिनं हवीत. ‘पूरक खाद्य’ असं छापलेलं असेल तर ते रोजचं जेवण नव्हे, कितीही स्वस्त किंवा कितीही महाग असलं तरी. घरात मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर त्या पिल्लांसाठी म्हणून खास बनवलेलं खाद्यच घ्यावं. त्यांना कॅल्शियम जास्त झालं की हाडांची वाढ बिघडते.

मग येते घटकांची यादी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं असतं आणि लोक इथेच फसतात. समजा शंभर किलो मिश्रणात २० किलो ताजी कोंबडी आहे आणि १८ किलो मका. यादीत कोंबडी पहिली. पण ताज्या मांसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. खाद्याचे दाणे वाळून तयार झाले की त्या २० किलोंतले जेमतेम सहा किलो उरतात, आणि मक्यातलं पाणी मुळातच थोडं असल्यामुळे त्याचे सोळा किलो. याउलट ‘चिकन मील’ म्हणजे आधीच शिजवून, वाळवून, दळून घेतलेलं मांस. ते यादीत तिसरं असलं तरी प्रथिनं भरपूर देऊन जातं. आणखी एक चलाखी असते. वाटाणा, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचे तंतू आणि वाटाण्याची प्रथिनं अशी चार नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि मांस आपोआप वर सरकतं. यादी वाचताना अशा नावांची मनात बेरीज करावी.

‘बायप्रॉडक्ट’ हा शब्द दिसला की पुष्कळ जण पिशवी परत ठेवतात. मला हे पटत नाही. त्यात बहुधा यकृत, काळीज, मूत्रपिंड, प्लीहा असे अवयव असतात. माणसं ते खात नसतील म्हणून ते स्वस्त पडतात, पण कुत्र्याच्या दृष्टीने यकृत हे अ जीवनसत्त्वाचं आणि लोहाचं उत्तम भांडार आहे. दर्जा कमीजास्त असू शकतो, तसा तो ताज्या मांसाचाही असतो.

धान्याबद्दलही असाच गैरसमज आहे. कुत्रा लांडग्याचा वंशज, त्याला धान्य कसं चालेल, असं विचारलं जातं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून पाहिली. स्टार्च पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र अनेक, काहींत तर तिसापर्यंत. माणसाच्या सहवासात कुत्र्याचं पोटही बदललं आहे. शिजलेलं धान्य बहुतेक कुत्र्यांना छान पचतं. मग धान्यविरहित खाद्यासाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाद्यांचा हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण पशुवैद्याने सांगितल्याशिवाय त्या वाटेला जायचं मला तरी कारण दिसत नाही.

प्रथिनांच्या आकड्याकडे मात्र जरा सावधपणे पाहायला हवं. लेबलवर ‘क्रूड प्रोटीन’ असं लिहिलेलं असतं, कारण प्रयोगशाळा सहसा प्रथिनं थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. हा नायट्रोजन कुठून आला हे त्या चाचणीला कळत नाही. याचा भयंकर गैरफायदा २००७ साली उघडकीला आला. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर खाद्यातल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातून वेगळ्या काढलेल्या प्रथिनांत, मेलामाइन सापडलं. मेलामाइन हा प्लास्टिक उद्योगातला पदार्थ, त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच. चिमूटभर घातलं की प्रथिनांचा आकडा फुगतो. अशी भेसळ रोज होत नाही, पण आकडा म्हणजे दर्जा नव्हे हे त्यातून नीट कळतं. चामड्यात आणि पिसांतही प्रथिनं असतातच, ती पचतात किती हा खरा प्रश्न. घरच्या घरी त्याचा अंदाज शी बघून येतो. नवं खाद्य सुरू केल्यावर शी बांधलेली आणि कमी होत असेल तर खाल्लेलं अंगी लागतंय असं समजावं. ढीगभर, मऊ होत असेल तर पैसे दुसऱ्या टोकाने बाहेर चाललेत.

आता भाव. किलोचा भाव ताडून काही कळत नाही, कारण कुत्रा किलो खात नाही, कॅलरी खातो. लेबलवर किलोमागे किती कॅलरी ते लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर गणित सोपं आहे. समजा कोरड्या खाद्यात प्रथिनं २४, स्निग्ध पदार्थ १२, तंतू ४, ओलावा १० आणि राख म्हणजे खनिजं ७ टक्के आहेत. राखेचा आकडा दिलेला नसेल तर सातच धरावा. ही बेरीज ५७, शंभरातून वजा केली की उरलेले ४३ टक्के कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे ३.५ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ८.५. म्हणजे शंभर ग्रॅममागे ८४ अधिक १०२ अधिक साधारण १५०, किलोमागे ३,३६० च्या घरात.

मग आपल्या कुत्र्याची गरज. साध्या कॅल्क्युलेटरवर वजनाला वजनाने दोनदा गुणावं, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबावं आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणावं. १५ किलोच्या कुत्र्यासाठी १५ × १५ × १५ म्हणजे ३,३७५, दोनदा वर्गमूळ घेतल्यावर ७.६२, गुणिले ७० म्हणजे सुमारे ५३४. ही नुसती पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी झालेल्या, बेताचं हिंडणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणायचं, दिवसाला साधारण ८५४ कॅलरी. प्रत्येक कुत्र्यागणिक यात बराच फरक पडतो, पण सुरुवात करायला आकडा पुरेसा आहे.

आता दोन पिशव्या घ्या. पहिलीत किलोमागे ३,००० कॅलरी, दुसरीत ४,०००, आणि दुसरी किलोला २० टक्क्यांनी महाग. आपला कुत्रा पहिलं खाद्य रोज २८५ ग्रॅम खाईल, दुसरं २१४. महिन्याला पहिलं साडेआठ किलो लागेल, दुसरं साडेसहा किलोच्या आत. हिशेब केला तर ‘महाग’ पिशवी दहा टक्क्यांनी स्वस्त पडते. डब्यातल्या ओल्या खाद्याला हाच काटा लावावा. त्यात ७८ टक्के पाणी असेल तर लेबलवरची ९ टक्के प्रथिनं कोरड्या भागात ४१ टक्के होतात, म्हणजे खाद्य कसदार आहे. पण किलोमागे कॅलरी हजाराच्या आसपासच, त्यामुळे रोजचा खर्च कितीतरी वाढतो.

स्वस्त पडेल म्हणून घरीच शिजवायचं ठरवलं तर पाककृती पशुआहारतज्ज्ञाकडूनच घ्यावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०१३ साली पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी आहेत, ते अगदी थोडंही नको.

मोठी पिशवी किलोला स्वस्त पडते, पण ती उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपणार असेल तरच घ्यावी. हवा लागली की त्यातले स्निग्ध पदार्थ खवट होतात. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा मूळ पिशवीच तोंड घट्ट बंद करून डब्यात ठेवावी. खाद्य बदलायचं असेल तर आठवडाभरात जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यावं.

या सगळ्यापेक्षा मोठी बचत वाटी मोजण्यात आहे. मी एकदा नेहमीच्या मापाने तीनदा दाणे काढून काट्यावर ठेवले, तर तिन्ही वेळा वजन वेगळं भरलं. तेव्हापासून आमच्याकडे ग्रॅममध्येच मोजतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिलं. कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११.२ वर्षं, आणि सांध्यांची दुखणीही पहिल्या गटात उशिरा आली.

आपल्या कुत्र्याला किती पुरतं हे दर पंधरा दिवसांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून पाहावं. हात सपाट पसरून बोटांच्या मुळाशी वरून चाचपलं की हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. तळहातासारखं मऊ लागलं तर रोजचे वीसेक ग्रॅम कमी करावेत, मुठीवरच्या टेंगळांसारखं टोचलं तर वाढवावेत.